वाचकांचे प्रश्न : इफेचा राजा, त्याचा मुकुट आणि वर्षभर चालणारे सण

मागच्या अंकात नायजेरियातल्या इले-इफे, म्हणजेच इफे, या योरुबा लोकांच्या जुन्या राज्याबद्दल पानभर लिहिलं होतं. सणांचा त्यात नुसता उल्लेख होता आणि तुम्ही सगळ्यांनी नेमकं तेच धरलंत. बरेच प्रश्न आलेत, सारखे होते ते एकत्र केलेत, काहींना मोठं उत्तर आहे काहींना दोन ओळींचं, त्याबद्दल रागावू नका, जिथे सांगण्यासारखं खूप आहे तिथे मला आवरतं घेता येत नाही.

ताई, नायजेरियात निवडून आलेलं सरकार आहे ना, मग हा इफेचा राजा म्हणजे नक्की कोण? त्याला काही पॉवर आहे की नुसताच मान?

कायद्याने बघितलं तर पॉवर जवळपास नाहीच. १९९९ च्या घटनेत पारंपरिक राजांना कारभारात कुठलंही काम दिलेलं नाहीये. इफेच्या राजाला ऑनी म्हणतात. आत्ताचे ऑनी आदेयेये एनितान ओगुनवुसी २०१५ मध्ये गादीवर आले, त्याआधी ते अकाउंटंट होते आणि प्रॉपर्टीच्या व्यवसायात होते. गादी बापाकडून थेट मुलाकडे जात नाही, चार राजघराणी आहेत, त्यातून सरदार निवड करतात.

पण मान किती, ते समजून घ्यायला १९०३ ची गोष्ट ऐका. एका छोट्या गावाच्या प्रमुखाने मण्यांचा मुकुट घालायला सुरुवात केली आणि त्याला तो अधिकार आहे की नाही यावरून भांडण पेटलं, प्रकरण लागोसच्या ब्रिटिश गव्हर्नरकडे गेलं. गव्हर्नरला कळेना की याचा निकाल द्यायचा कोणी, शेवटी त्याने इफेच्या ऑनींना, पहिल्या ओलुबुसेंना, बोलावून घेतलं, कारण मण्यांचा मुकुट कोणाचा खरा आणि कोणाचा नाही हे सांगायचा हक्क इफेचाच असं सगळे मानत होते. तोपर्यंत ऑनी इफे सोडून बाहेर पडणं ही कल्पनाच लोकांना सहन होण्यासारखी नव्हती. ते लागोसला निघाल्यावर बाकीचे योरुबा राजे आपापले राजवाडे सोडून बाहेर येऊन राहिले आणि ते परत इफेत पोचल्यावरच आत गेले असं अजून सांगतात. आता सांगा, याला पॉवर म्हणायचं की मान?

हा मान येतो कुठून, तर जग इफेत सुरू झालं या श्रद्धेतून. वरच्या देवाने ओबाताला नावाच्या देवाला साखळीवरून खाली पाठवलं, बरोबर वाळू आणि एक कोंबडी दिली, खाली सगळं पाणीच पाणी. ओबाताला वाटेत ताडी पिऊन झोपला आणि ओदुदुवाने ते सामान उचलून काम पूर्ण केलं, वाळू टाकली, कोंबडीने ती पायाने पसरली, जमीन झाली, ती जागा म्हणजे इफे. योरुबा राजे आपली वंशावळ ओदुदुवापर्यंत नेतात ती यामुळे. ओबातालाचे भक्त आजही पांढरे कपडे घालतात आणि ताडीला शिवत नाहीत.

मला मात्र वाटतं की नुसत्या कथेवर एवढा मान शतकानुशतकं टिकला नसता. तो टिकलाय सणांमुळे. वर्षाच्या ठरलेल्या वेळी राजाला ठरलेल्या गोष्टी कराव्याच लागतात, त्या दुसऱ्या कोणाला करता येत नाहीत आणि अख्खं शहर बघत असतं की तो त्या नीट करतोय ना.

ओलोजो सणात नेमकं काय होतं? फोटोत एक प्रचंड मोठा मुकुट दिसतो, तो काय प्रकार आहे?

या एकाच प्रश्नाची पत्रं सगळ्यात जास्त होती, तर सविस्तर सांगते.

ओलोजो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. तो ओगुनचा सण. ओगुन म्हणजे लोखंडाचा देव, म्हणजे लोहार, शिकारी, सैनिक यांचा, आणि आता ड्रायव्हर आणि मेकॅनिक लोकांचासुद्धा, ज्याच्या हातात लोखंड आहे त्याचा ओगुन. त्याचबरोबर हा सृष्टीच्या पहिल्या दिवसाची आठवण म्हणूनही साजरा होतो.

सणाच्या आधी काही दिवस ऑनी एकांतात जातात. कोणाला भेटत नाहीत, बाहेर दिसत नाहीत, उपास आणि प्रार्थना चालू असते. एरवी ज्याच्या दारात मंत्री, व्यापारी, परदेशी पाहुणे रांग लावून असतात तो माणूस दिसेनासा होतो आणि शहराला ते जाणवतं. मग राजाच्या आईकडच्या आणि वडिलांकडच्या घरातल्या बायका येऊन राजवाडा झाडून काढतात. साधा झाडू मारणं नाही ते, वर्षभरात जे काही वाईट साचलं ते बाहेर काढायचं. मला या सणातला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो आणि फोटोत तो कधी येत नाही, सगळे कॅमेरे मुकुटाकडे. राजा बाहेर पडायच्या आधी बायकांच्या हाताने जागा शुद्ध व्हावी लागते, त्याशिवाय पुढचं काहीच नाही.

मग तो मुकुट. त्याला आरे म्हणतात. हा मुकुट थेट ओदुदुवाचा अशी श्रद्धा आहे आणि ऑनी तो वर्षातून एकदाच, ओलोजोलाच डोक्यावर घेतात. एरवीचे मण्यांचे मुकुट वेगळे. ज्या क्षणी राजा आरे घालून बाहेर येतो तेव्हा जमलेले लोक ओरडतात, रडतात, हात वर करून आशीर्वाद मागतात, कारण त्या क्षणी समोर माणूस नाही तर पहिल्यापासूनचे सगळे ऑनी एकत्र उभे आहेत असं त्यांना वाटतं.

तिथून मिरवणूक ओके मोगुनला, ओगुनच्या ठाण्याला जाते. सरदारांच्या हातात त्यांच्या पदाच्या तलवारी असतात, त्यांवर पांढरी खडू-माती आणि लाल लाकडाची पूड लावलेली. ढोलाचा ठेका ठरलेला असतो, वेगळा वाजवून चालत नाही, आणि त्या ठेक्यावर फक्त सरदार, पुजारी आणि राजघराण्यातले लोकच नाचू शकतात, बाकी कितीही पाय थिरकले तरी बाकीच्यांनी बघायचं. तिथे राजा आपली शपथ पुन्हा घेतो. हे लक्षात घ्या, दरवर्षी शपथ! गादीवर बसताना एकदा घेतली आणि झालं असं नाही. शहरासाठी प्रार्थना होते आणि इफाचे, म्हणजे कौल घ्यायच्या विद्येचे मुख्य पुजारी, ज्यांना अराबा म्हणतात, ते येणाऱ्या वर्षासाठी कौल घेतात.

म्हणून मी ओलोजोला राजाचा सण म्हणत नाही, राजाची परीक्षा म्हणते.

इफेत वर्षात एक दिवस सोडून रोज सण असतो म्हणे, खरंय का?

लोक तसं म्हणतात खरं. इफेत २०१ देव आहेत अशीही म्हण आहे, कोणी ४०१ सांगतात. वरचा तो एक आकडा महत्त्वाचा, म्हणजे आणखी एकाला कायम जागा आहे. प्रत्येक देवाचं घराणं वेगळं, पुजारी वेगळे, दिवस वेगळा, काही सण एका वाड्याच्या अंगणात होऊन जातात आणि शेजारच्या गल्लीला कळतही नाही. मोठे, सगळ्या शहराचे असे मोजकेच.

मोरेमीबद्दल थोडक्यात आलं होतं, पूर्ण गोष्ट सांगाल का? माझ्या मुलीला शाळेत सांगायची आहे.

नक्की सांगते, आणि मुलीला शेवटसुद्धा सांगा, तो टाळू नका.

इफेवर सारखे हल्ले व्हायचे. हल्ला करणारे डोक्यापासून पायापर्यंत गवता-पाल्याच्या झिपऱ्यांनी झाकलेले असायचे आणि इफेच्या लोकांना वाटायचं ही भुतं आहेत, देवांचीच माणसं आहेत, मग लढणार कोणाशी, सगळे पळत सुटायचे. मोरेमी राजघराण्यातली, देखणी आणि हिमतीची. ती एसिमिरिन नदीकडे गेली आणि नवस बोलली की मला यांचं गुपित कळू दे, मागशील ते देईन. पुढच्या हल्ल्यात सगळे पळाले, ती पळाली नाही, मुद्दाम पकडली गेली. शत्रू म्हणजे उग्बोचे लोक, तिथल्या राजाने तिला राणी करून घेतलं. ती तिथे राहिली, विश्वास मिळवला आणि तिला कळलं की ही साधी माणसं आहेत आणि अंगावरचं गवत वाळकं असल्यामुळे त्यांना सगळ्यात जास्त भीती आगीची आहे. संधी साधून ती परत आली, इफेला सांगितलं, पुढच्या वेळी लोक पेटत्या मशाली घेऊन उभे राहिले आणि हल्ले कायमचे थांबले.

मग नवस फेडायची वेळ आली. तिने बकऱ्या, कोंबड्या, काय काय देऊ केलं, नदीने काही घेतलं नाही, तिचा एकुलता एक मुलगा ओलुओरोग्बो मागितला. तिने दिला. तिचं रडणं बघून इफेचे लोक म्हणाले की आजपासून आम्ही सगळे तुझी मुलं. आजही इफेचे लोक स्वतःला मोरेमीची लेकरं म्हणवतात.

एदी हा सण याच्याच आठवणीत होतो, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सात दिवस. त्यात मशाली असतात, आणि तेले म्हणून एक माणूस असतो जो शहराचं वर्षभराचं पाप, आजार, दुर्दैव आपल्या डोक्यावर घेऊन बाहेर नेतो. म्हणजे बघा, ओलोजोला राजवाडा झाडतात आणि एदीला अख्खं शहर रिकामं करून घेतात सगळ्या वाईटातून. २०१६ मध्ये इफेच्या राजवाड्यात मोरेमीचा ४२ फुटी पुतळा उभारला, पण मला विचाराल तर तिची खरी आठवण त्या मशालीतच आहे.

एक गोष्ट मुलीला मोठी झाल्यावर सांगा. उग्बोचे लोक ही गोष्ट वेगळी सांगतात, ते म्हणतात आम्हीच इफेचे मूळ रहिवासी, ओदुदुवाच्या लोकांनी आम्हाला हाकललं आणि आम्ही आमच्या जागेसाठी लढत होतो. त्यांचा राजा आजही हे उघडपणे मांडतो. मला हे ऐकल्यावर गोष्ट कमी झाली असं वाटलं नाही, उलट जास्त खरी वाटली, कारण कुठलंही जुनं शहर कोणाला तरी बाजूला सारूनच वसतं.

इफेची ती प्रसिद्ध धातूची मस्तकं किती जुनी आहेत? ती आफ्रिकेत बनलीच नाहीत असं कुठेतरी वाचलं होतं.

जे वाचलंत ते चुकीचं आहे आणि त्या चुकीचा उगम माहीत आहे म्हणून सांगते. १९१० मध्ये लिओ फ्रोबेनियस नावाचा जर्मन संशोधक इफेला आला, त्याने तिथलं भाजलेल्या मातीचं काम पाहिलं, समुद्रदेव ओलोकुनचं म्हणतात ते धातूचं मस्तक पाहिलं आणि त्याचा विश्वासच बसेना की हे इथल्या लोकांनी केलं असेल. इतकी हुबेहूब माणसं, इतकं शांत तेज! मग त्याने ठरवून टाकलं की बुडालेल्या अटलांटिसचे हे अवशेष आहेत. समोर ज्यांचे वंशज उभे आहेत त्यांना श्रेय न देता समुद्रात बुडालेल्या काल्पनिक देशाला श्रेय दिलं, यावर अजूनही चीड येते मला.

१९३८ मध्ये राजवाड्याजवळ वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना जवळपास माणसाच्या डोक्याएवढी डझनाहून जास्त मस्तकं एकदम सापडली, तांब्याची आणि पितळेची. काळ साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकातला. पद्धत अशी की आधी मेणाची मूर्ती करायची, वर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. शुद्ध तांबं यात फार त्रास देतं, लवकर गोठतं, नीट वाहत नाही, आणि ऑनी ओबालुफोनचा म्हणून इफेचा जो मुखवटा आहे तो जवळपास शुद्ध तांब्याचा आहे. असलं ओतकाम करणारे कारागीर पहिल्या दिवशी तयार होत नाहीत, पिढ्या लागतात. शिवाय इफेतच काचेचे मणी बनत होते, ओलोकुनच्या राईत काच वितळवायच्या भांड्यांचे ढिगानं तुकडे निघालेत. शहरात फुटक्या खापऱ्या उभ्या लावून माशाच्या काट्यासारख्या नक्षीत फरशी घातलेले रस्ते होते, आणि सांगतात की ओलुवो नावाच्या बाई ऑनीने आपले कपडे चिखलात भरतात म्हणून ते करून घेतले.

मस्तकांपैकी एक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते नायजेरियातल्या एका वर्तमानपत्राच्या इंग्रज संपादकाने विकत घेतलं होतं आणि १९३९ मध्ये म्युझियमला गेलं. दोन मस्तकं विल्यम बॅस्कम नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने घेतली होती, त्याने ती १९५० मध्ये परत केली. परत करता येतं, फक्त करायची इच्छा पाहिजे.

आणि सणाशी संबंध? बऱ्याच मस्तकांना केसांच्या रेषेवर आणि दाढीच्या जागी बारीक छिद्रं आहेत, काही मस्तकांवर मुकुट बसवत असावेत असं अभ्यासक मानतात. म्हणजे ही काचेच्या पेटीत ठेवायला केलेली नव्हती, ती कामाची होती, विधीत वापरायची होती. ओबालुफोनचा मुखवटा तर म्युझियममध्ये जाईपर्यंत राजवाड्यातच होता, जमिनीत कधी गेलाच नाही. म्हणून म्हणते, म्युझियम बघून मग ओलोजो बघा, किंवा उलट, पण एकाशिवाय दुसरं अर्धवट कळतं.

ओयोचं साम्राज्य तर इफेपेक्षा कितीतरी मोठं होतं ना?

हो, खूपच मोठं. ओयोकडे घोडदळ होतं, दूरपर्यंतची राज्यं खंडणी देत होती, आणि तिथला राजा अलाफिन. जुनं ओयो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओस पडलं आणि नवं ओयो दक्षिणेला वसलं. तिथे विजेच्या देवाचा, शांगोचा मोठा सण होतो, २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. ओयोकडे सैन्य होतं, इफेकडे मूळ होतं, असं सोपं करून सांगता येईल, पण दोन्ही राजांमध्ये मोठं कोण हा वाद अजून मिटलेला नाही आणि मी त्यात पडत नाही.

एक मात्र सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या योरुबा युद्धांमध्ये इफे शहर दोनदा रिकामं करावं लागलं. घरं जळाली, लोक विखुरले. शेवटचे परत आले ते १८९४ च्या सुमारास. आणि परत आल्यावर कोणता वाडा कुठला, कोणत्या ठाण्याचा मान कोणाचा, हे ठरवायला सणच उपयोगी पडले असणार असं मला ठामपणे वाटतं, कारण मिरवणुकीची वाट आणि मानाचा क्रम लोकांच्या अंगात भिनलेला असतो, तो कागद जळला म्हणून जळत नाही.

तिथले बहुतेक लोक आता ख्रिश्चन किंवा मुस्लिम आहेत. मग ते या देवांच्या सणांना येतात का? भांडणं होत नाहीत?

येतात, आणि भांडणंही होतात, दोन्ही खरं. योरुबा घरात एक भाऊ मुस्लिम, बहीण ख्रिश्चन, आजी नदीदेवी ओशुनची भक्त हे अजिबात नवलाचं नाही, आणि सण शहराचा आहे म्हणून सगळे येतात. इजेबु-ओदे या योरुबा शहरात तर बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी ओजुदे ओबा हा सण होतो, मूळ तिथल्या मुस्लिमांनी राजाला मुजरा करायला सुरू केलेला, आज सगळ्या धर्मांचे लोक वयोगटाप्रमाणे एकसारखे कपडे शिवून येतात आणि योद्ध्यांच्या घराण्यातले लोक सजवलेल्या घोड्यांवरून. २० ऑगस्टला ओसुन, लागोस अशा काही राज्यांत पारंपरिक धर्माची सुट्टीही असते.

पण काही चर्चमध्ये या देवांना सरळ सैतान म्हटलं जातं, आणि २०२३ मध्ये इलोरिन शहरात पारंपरिक धर्माच्या सणाला धमक्या देऊन तो होऊ दिला नाही. शेजाऱ्याने आपल्या आजीच्या नदीला नमस्कार केला म्हणून त्याला घाबरवायचं, हे मला कुठल्याच धर्माच्या नावाने पटत नाही.

सण बघायला जायचं असेल तर कधी जावं आणि काय काळजी घ्यावी?

इफे लागोसपासून साधारण २०० किलोमीटरवर आहे. ओलोजोची तारीख राजवाड्याकडून जाहीर होते, ती कळल्याशिवाय तिकीट काढू नका. जूनच्या सुरुवातीला ओके इतासे टेकडीवर इफाचा उत्सव असतो, ब्राझील, क्युबा, अमेरिका इथूनही भक्त येतात, कारण गुलाम म्हणून नेलेल्या योरुबा लोकांनी हे देव तिकडे जिवंत ठेवले. ऑगस्टमध्ये जवळच ओशोग्बोला ओशुन नदीचा उत्सव असतो, तिथे अरुग्बा नावाची कुमारिका डोक्यावर पूजेचं सामान घेऊन राईतून नदीपर्यंत जाते, ती राई २००५ पासून जागतिक वारसा आहे आणि ऑस्ट्रियाहून येऊन तिथेच राहिलेल्या सुझान वेंगर या कलावतीने स्थानिक कारागिरांबरोबर तिथे मोठमोठी शिल्पं उभारली. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ओशोग्बो सांगेन, गर्दी प्रचंड असते पण परक्या माणसाला वावरायला सोपं जातं.

काळजी म्हणाल तर ठाण्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, पुजाऱ्याने नको म्हटलं तर कॅमेरा बॅगेत. राजासमोर पुरुष पूर्ण लोटांगण घालतात, बायका गुडघे टेकतात, पाहुण्यांकडून तेवढी अपेक्षा नसते पण वाकायला काय हरकत आहे, आणि त्यांना काबियेसी म्हणून संबोधायचं. बायकांसाठी खास सूचना: योरुबा गावांमध्ये ओरो नावाचा विधी असतो, त्या वेळी बायकांनी घराबाहेर पडायचं नसतं. मला तो नियम आवडत नाही आणि तिथल्या अनेक बायकांनाही आवडत नाही, त्या त्याविरुद्ध बोलतातही, पण पाहुणी म्हणून गेलेल्या बाईने तो मोडून बघायची ती जागा नव्हे, म्हणून मुक्कामाच्या दिवसांत कुठे ओरो आहे का हे लॉजवर पोचल्या पोचल्या विचारून घ्या.

ओरान्मियानचा खांब मात्र चुकवू नका, साधारण साडेपाच मीटर उंच ग्रॅनाइटचा दगड, त्यात लोखंडी खिळे ठोकलेले. आणि म्युझियम राजवाड्याला लागूनच आहे, ते आदल्या दिवशीच बघून घ्या, सणाच्या दिवशी त्या चौकातून हलता येणार नाही.